आधी तुम्ही, मग तू

मुलीच्या घराचं गॅरेज दर शनिवारी सकाळी ढोल-ताशा पथकाच्या ताब्यात जातं. दोन्ही गाड्या रस्त्यावर निघतात, सिमेंटच्या जमिनीवर जुन्या सतरंज्या पडतात आणि सात-आठ ढोल भिंतीला टेकून उभे राहतात. शिवजयंती आठ दिवसांवर आली होती. मी सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आलेला म्हातारा. चहाचा कप घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं आणि पोरांचा सराव बघायचा, एवढंच माझं काम.

एक तरुण ढोल ताणत होता. पाय कडेला रोवून, दोरी मनगटाला गुंडाळून तो एकेक फेरा ओढून घेई, मग पानावर टिपरू मारून कान देई. हात बसलेला होता.

"छान ताणता हो तुम्ही," मी म्हटलं. "कुठं शिकलात?"

"पुण्यात, काका. इंजिनिअरिंगला असताना पथकात होतो."

"मूळचे पुण्याचेच का?"

"नाही. लातूर जिल्हा."

"नाव काय म्हणालात?"

त्यानं पहिलं नाव सांगितलं.

"पूर्ण नाव?"

दोरी ओढता ओढता त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं आडनाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

"गावात घर कुठं, कुठल्या आळीला?"

"कडेला," तो म्हणाला.

"अस्सं. बरं, मग तू इथं शिकतोस का नोकरी करतोस?"

नोकरी करतो म्हणाला, कंपनीचं नाव सांगितलं. हातातला ढोल पुरा केला, पण पोह्यांना थांबला नाही. मुलीनं हाक मारली तर म्हणाला, "काम आहे ताई, पुढच्या वेळी." त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

वावगं काय होतं, ते रात्री कळलं. माझी नात सोळा वर्षांची आहे. रविवारच्या मराठी शाळेत ती आठ वर्षं गेली. बोलते चांगलं, पण 'तू' आणि 'तुम्ही' यांत अजून अडखळते. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, एक विचारू? ग्रामरचं आहे."

"विचार की."

"सकाळी त्या दादाला तुम्ही आधी 'तुम्ही' म्हणत होतात. मग 'तू' म्हणायला लागलात. रूल काय आहे?"

"अगं, तो लहान नाही का माझ्यापेक्षा?"

"पण आधीपण तो तेवढाच लहान होता."

मी काही बोललो नाही.

"मधे तर त्यानं फक्त आडनाव सांगितलं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिला खरंच नियम हवा होता, वहीत लिहून घ्यायला.

मी विषय बदलला. तिनंही बदलू दिला, कारण तिला माझ्याकडून दुसरंच काम होतं. इतिहासाच्या वर्गात तिला एका जुन्या खटल्यावर निबंध लिहायचा होता आणि आपले आजोबा कोर्टात होते हे तिनं शिक्षिकेला अभिमानानं सांगून ठेवलं होतं. मी वाईच्या कोर्टात एकतीस वर्षं बेंच क्लार्क होतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज चढलो, आणि लोक तिथं काय काय घेऊन येतात ते जवळून पाहिलं. नातीनं छापून आणलेला निकाल मी उशीखाली ठेवला, आणि झोप येईना म्हणून पहाटेपर्यंत वाचला. पुढचे चार दिवस आम्ही दोघं रोज संध्याकाळी त्यावर बसलो. तिला मी जी गोष्ट सांगितली, आणि जी सांगता सांगता मलाच उमगत गेली, ती अशी.

अमेरिका हा देश अगदी नवा होता तेव्हा, 1790 साली, तिथल्या काँग्रेसनं ठरवलं की बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचं असेल तर तो स्वतंत्र आणि गोरा असला पाहिजे. पुढं गुलामगिरीवरून यादवी झाली, लाखो माणसं मेली, आणि 1870 साली त्या भिंतीला दुसरं दार पाडलं गेलं, आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी. दारं झाली दोन. चीन, जपान, हिंदुस्थान इकडून जो येईल त्यानं कुठल्या दाराशी उभं राहायचं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

चिनी माणसं आधी आली होती. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून, बर्फात गाडली जाऊन त्यांनी रेल्वेचा रस्ता घातला. तो 1869 साली पुरा झाला, आणि तेरा वर्षांत, 1882 साली, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आला. बंदी दहा वर्षांची होती, पण ती वाढत वाढत 1943 पर्यंत चालली. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल बेट आहे. तिथं 1910 पासून तीस वर्षं आशियातून आलेल्यांना अडकवून ठेवत आणि जबान्या घेत. तुझ्या गावच्या घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या दिशेला, असले प्रश्न. बापानं एक आकडा सांगितला आणि मुलानं दुसरा, तर परतीची बोट.

मग आपली माणसं. वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम नावाचं गाव आहे, लाकडाच्या गिरण्यांचं. 4 सप्टेंबर 1907 च्या रात्री पाचशेक गोऱ्यांचा जमाव हिंदी गिरणी कामगारांच्या खोल्यांवर चालून गेला. झोपेतून ओढून काढलं, सामान रस्त्यावर फेकलं, पैसे लुटले. कितीजणांना रात्रभर नगरपालिकेच्या इमारतीत कोंडून ठेवलं, त्यांच्याच रक्षणासाठी म्हणून. काही दिवसांत त्या गावात एकही हिंदी माणूस उरला नाही. बहुतेक सगळे पंजाबातले शीख शेतकरी होते. तिथले लोक त्यांना 'हिंदू' म्हणत. हिंदुस्थानातून आलेला प्रत्येकजण त्यांच्या लेखी हिंदूच.

1913 साली कॅलिफोर्नियानं जमिनीचा कायदा केला. त्यात जपानी शब्द नाही, हिंदी शब्द नाही. नागरिक होण्यास जो अपात्र आहे त्यानं शेतजमीन विकत घ्यायची नाही, एवढंच वाक्य. नाव न घेता नेम धरणारे मसुदे मी कोर्टात पुष्कळ हाताळले आहेत. ते फार हुशार हातांनी लिहिलेले असतात. म्हणून नातीला मी सांगितलं, नागरिकत्व हा नुसता कागद समजू नकोस. जमीन, घर, वकिलीची सनद, लग्न, सगळं त्या एका कागदाला टांगलेलं होतं.

त्याच 1913 साली अमृतसरकडचा भगतसिंग थिंड नावाचा तरुण सिएटल बंदरात उतरला. गिरण्यांमध्ये काम केलं, शिकला. पहिलं महायुद्ध चालू असताना 1918 साली अमेरिकन सैन्यात भरती झाला. पगडी बांधून त्यानं कवायत केली, सार्जंट झाला, आणि सुटताना त्याच्या कागदावर वर्तणूक उत्कृष्ट असा शेरा पडला. त्या डिसेंबरात, अंगावर गणवेश असतानाच, त्याला नागरिकत्व मिळालं. चार दिवसांनी काढून घेतलं, गोरा नाही म्हणून. त्यानं ओरेगॉन राज्यात पुन्हा अर्ज केला. 1920 साली तिथल्या न्यायाधीशांनी तो मान्य केला. सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढलं.

इथं नातीनं विचारलं, "मग ते म्हणाले असतील ना, की हा लॉच चुकीचा आहे?"

तसं कुणीच म्हणालं नाही. आणि इथंच मला थांबावं लागलं.

वकिलाची अडचण मला कळते. कायद्यात जे शब्द असतात त्यांतूनच त्याला वाट काढायची असते. दारं दोनच होती आणि त्यांतल्या एका दारानं काही हिंदी माणसं आधी आत गेलीही होती. मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा 1910 साली असेच नागरिक ठरले. तेव्हा थिंडांच्या वकिलांनी गोऱ्यांचं दार ठोठावलं, यात नवल नाही. पण ते कसं ठोठावलं? त्यांनी वंशशास्त्राची पुस्तकं पुढं ठेवली. हिंदुस्थानच्या उत्तरेचे लोक आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन, कॉकेशियन म्हणजे गोरे. आणि मग पुरावा म्हणून काय दाखवलं, तर जात. आमचा पक्षकार उच्च जातीचा आहे. त्याच्या जातीनं शतकानुशतकं खालच्यांशी रोटीबेटी केलेली नाही, त्यामुळं रक्त शुद्ध राहिलं. तुम्ही निग्रोंशी सोयरीक करत नाही, तसेच आम्हीही आमच्याकडच्या खालच्यांशी करत नाही. म्हणजे बघा, आपण एकाच माळेचे मणी.

"पण ते शीख होते ना?" नातीनं विचारलं. "मग हाय कास्ट हिंदू कसे?"

शीखच होते. ज्या पंथाच्या गुरूंनी जातीचा ताठा मोडायला लंगरची पंगत घातली, राजा आणि रंक एका सतरंजीवर बसवले, त्या पंथाचा मुलगा. त्याच्या कैफियतीत जात लिहिली गेली, कारण त्या दाराशी तीच चालेल असं वाटलं.

ती चालली नाही. थिंडांच्या निकालाच्या तीन महिने आधी, नोव्हेंबर 1922 मध्ये, त्याच न्यायालयानं ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला परत पाठवलं होतं. ओझावा कॅलिफोर्नियात शिकले, हवाईत संसार केला, वीस वर्षं या देशात राहिले, घरात मुलांशी इंग्रजी बोलले. कातडी तर कित्येक गोऱ्यांहून उजळ. न्यायालय म्हणालं, कातडीचा रंग बघायचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. आता थिंड उभे राहिले आणि म्हणाले, मी कॉकेशियन आहे, हे शास्त्रज्ञांचे दाखले. तर न्यायालय म्हणालं, शास्त्रज्ञ काय म्हणतात ते बघायचं नाही, रस्त्यावरचा सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणेल तोच गोरा. दोन्ही निकाल एकमतानं झाले आणि दोन्ही एकाच न्यायमूर्तींनी लिहिले, जॉर्ज सदरलँड यांनी. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, तान्हेपणी आईबापांच्या कडेवर अमेरिकेत आलेले.

जातीबद्दलही त्या निकालात ओळ आहे. रक्त शुद्ध ठेवण्यासाठी हिंदूंनी जातीचे नियम केले खरे, पण त्यांतही त्यांना पूर्ण यश आलेलं दिसत नाही, अशा अर्थाची. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्या मापानं खालच्याला मोजून दाखवलं, तेच माप उचलून वरच्यानं यांना मोजलं आणि बाहेर काढलं. दारावर बसलेल्याला माप चुकीचं आहे असं सांगायला कुणी उरलंच नव्हतं. सगळे आपापली उंची सांगत होते.

निकालाची तारीख 19 फेब्रुवारी 1923. नात लगेच म्हणाली, "आबा, शिवजयंती!" मी तिला सांगितलं, ही तारीख अजून एकदा येते. 1942 सालच्या 19 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी एका हुकुमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळजवळ 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत धाडलं. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश इथंच जन्मलेले, हाडाचे अमेरिकन नागरिक होते. पण ती मोठी गोष्ट आहे, तिला तिची वेगळी संध्याकाळ हवी.

थिंड निकाल लागला आणि सरकार मागं फिरलं. आधी ज्या हिंदी लोकांना नागरिक केलं होतं त्यांच्यावर दावे लावले. कागद परत द्या. ज्यांच्या अर्जावर कित्येक वर्षांपूर्वी न्यायाधीशांनी सही केली होती, त्यांनी हवं तसं जगायला सुरुवात केली होती, दुकानं टाकली होती, कर्जं काढली होती.

बुधवारी दुपारी नात मला बार्ट रेल्वेनं बर्कलीला घेऊन गेली. फ्रीमॉन्टहून बसलो, तासाभरात उतरलो. शहराच्या मध्यात एका रस्त्याच्या छोट्या तुकड्यावर हिरवी पाटी आहे, 'कला बगाई वे'. 2020 साली तिथल्या नगरपरिषदेनं हे नाव ठरवलं. आम्ही पाटीखाली उभे राहिलो आणि मी तिला त्या बाईंची गोष्ट सांगितली.

वैष्णो दास बगाई पेशावरचे. 1915 साली बायको कला आणि तीन लहान मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले. इंग्रजांच्या राज्यात जगायचं नाही म्हणून घरदार सोडून आलेले, पैशानं बरे. बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन कुटुंब दाराशी पोचलं तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं घातली होती. आत जाऊ देईनात. कलाबाई म्हणाल्या, मला इथं राहायचंच नाही, माझ्या मुलांना हे लोक काही करतील. भरलेलं सामान तसंच मागं फिरलं. पुढं बगाईंनी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान टाकलं. 1921 साली ते नागरिक झाले, ब्रिटिश प्रजाजन असणं सोडून दिलं. आणि थिंड निकालानंतर त्यांचंही नागरिकत्व गेलं. दुकान विकावं लागलं, घर गेलं. हिंदुस्थानात नातलगांना भेटायला जावं तर अमेरिकन पासपोर्ट नाही. ब्रिटिशांचा घ्या, असं त्यांना सांगितलं गेलं, ज्यांचं राज्य नको म्हणून ते निघाले होते त्यांचाच. मार्च 1928 मध्ये त्यांनी आपलं जीवन संपवलं. जाण्यापूर्वी लिहिलेलं पत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आलं. मागं तीन मुलं आणि कलाबाई.

कलाबाई मोडल्या नाहीत. मुलांना वाढवलं, शिकवलं. 1946 साली अमेरिकेनं हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क दिला, वर्षाला अवघ्या शंभरांना प्रवेश ठेवला, त्यानंतर त्याही नागरिक झाल्या. पुढं दक्षिण कॅलिफोर्नियात नव्यानं येणाऱ्या हिंदी कुटुंबांना त्या घरी बोलावून जेवू घालत. 1983 साली वारल्या. ज्या गावानं त्यांच्या घराला कुलूप घातलं त्या गावात आता त्यांच्या नावाचा रस्ता आहे. नातीनं पाटीचा फोटो काढला. मी त्या पाटीकडे बघत होतो, पण डोळ्यांपुढं गॅरेजचं अर्धं ओढलेलं दार होतं आणि पोहे न खाता निघून जाणारा एक मुलगा.

आता राहिली ती माझ्या मनात सगळ्यांत जास्त घोळलेली गोष्ट, एका वकिलाची. नाव ऐकलं की मराठी माणसाचे कान टवकारतील : सखाराम गणेश पंडित. मुंबई इलाख्यातून 1906 साली अमेरिकेत आलेले. लॉस एंजेलिसच्या कोर्टात 1914 साली त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्यानं हरकत घेतली, हा माणूस गोरा नाही. पंडितांनी आपण ब्राह्मण असल्याचं सांगितलं, तोच आर्यांचा मुद्दा मांडला, आणि ते जिंकले. सरकारनं अपील केलं नाही. 1917 साली त्यांना वकिलीची सनद मिळाली. 1920 साली त्यांनी लिलियन नावाच्या अमेरिकन लेखिकेशी लग्न केलं. पुढं थिंडांच्या बाजूनं जे वकील लढले त्यांत हे पंडित होते.

थिंड हरले आणि सरकारनं पंडितांवरच दावा लावला. वकील आता पक्षकार झाला. वंशाची पुस्तकं, आर्य, ब्राह्मण, सगळं हातातून गळून पडलं होतं. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयानं ते दार बंद करून टाकलं होतं. उघडं राहिलं एवढंच की 1914 साली एका कोर्टानं, सरकारचा माणूस समोर असताना, त्याची हरकत ऐकून, निकाल दिला होता. त्या निकालाच्या भरवशावर एका माणसानं आयुष्य उभं केलं. मायदेशीचे हक्क सोडले, घर घेतलं, वकिली केली, लग्न केलं. तो कागद काढून घेतला तर सनद जाईल, घर जाईल, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणं अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलेली त्यांची अमेरिकन बायकोही कुठल्याच देशाची राहणार नाही. पंडितांनी या वेळी मी कोण आहे हे सांगितलं नाही. तुम्ही मला शब्द दिला होता, हे सांगितलं.

झालेला निकाल पुन्हा उकरायचा नाही. आमच्या कोर्टात याला रेस ज्युडिकाटा म्हणतात, आणि जमिनीच्या दाव्यांत हा मुद्दा इतक्यांदा निघतो की मला तो कोरडा वाटायचा. त्या रात्री नाही वाटला. पंडित जिंकले. 1926 साली अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, 1927 साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला, आणि इतरांवर लावलेले उरलेले दावे सरकारनं सोडून दिले. तोवर ज्यांचं गेलं ते गेलं, बगाईंसारखं. पण जात पुढं करून जे एकालाही टिकवता आलं नाही, ते या साध्या बोलण्यानं कितीजणांचं टिकलं.

थिंडांनाही शेवटी मिळालं. जुन्या सैनिकांसाठी 1935 साली वेगळा कायदा झाला, त्याखाली पुढच्या वर्षी ते नागरिक झाले. गणवेशावर मिळालं, रक्तावर नाही.

गुरुवारी नातीचा निबंध झाला. तिनं तो मला वाचून दाखवला, आणि वही मिटताना म्हणाली, "आबा, ते ग्रामरचं राहिलंच."

"तो ग्रामरचा नियम नाही," मी म्हटलं. मग तिला सगळं सांगितलं. आळी विचारतात म्हणजे काय विचारतात, कडेला म्हणजे काय, आडनाव ऐकल्यावर माझी जीभ आपोआप एक पायरी खाली का उतरली. कोर्टात एकतीस वर्षं सर्वांना सारखा पुकारा होताना ऐकलेल्या माणसाला हे सांगताना फार जड गेलं. ती ऐकत होती. तिनं मला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही.

शिवजयंतीचा कार्यक्रम रविवारी एका शाळेच्या सभागृहात होता. सकाळपासून पावसाची भुरभुर. हवेतल्या ओलीनं ढोलांची पानं सैल पडलेली, आणि तो तरुण इमारतीच्या मागच्या ओसरीवजा जागेत एकटाच एकेक ढोल पुन्हा ताणत बसलेला. मी छत्री मिटून जवळ गेलो.

"त्या शनिवारी मी तुम्हाला आडनाव विचारलं," मी म्हटलं. "मग आळी विचारली. त्याची काही गरज नव्हती. आणि त्यानंतर मी तुम्हाला अरेतुरे केलं."

त्यानं मान वर केली नाही. "सवय आहे, काका."

"सवय मलाही आहे. म्हणूनच आलो."

आता त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाजूची रिकामी पेटी पायानं माझ्याकडे सरकवली. मी बसलो. नातीच्या निबंधाबद्दल सांगू लागलो, थिंडांचं नाव घेतलं, तर तो म्हणाला, "ती केस माहितीये मला. ते लग्नाचं वाक्य आहे ना, खालच्यांशी आम्ही सोयरीक करत नाही म्हणून? आमच्यातल्या पुष्कळांना ते जवळजवळ पाठ असतं."

पाऊस थोडा वाढला. तो दोरीचा फेरा सोडवत बोलत होता. "1913 साली थिंड सिएटलला उतरले ना. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला आले. कोलंबियात. 1916 मध्ये त्यांनी तिथं जातीवरचा निबंध वाचला, पुढच्या वर्षी छापूनही आला. म्हणजे ती कैफियत लिहिली गेली तेव्हा तो निबंध जगात होता. मला कधी कधी वाटतं, त्या वकिलांपैकी कुणी तो वाचला असता तर काय म्हणाला असता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"सिएटलच्या नगरपरिषदेनं जातीवरून भेदभाव करणं बेकायदा ठरवलं, ती तारीख माहितीये?" तो म्हणाला. "21 फेब्रुवारी 2023. थिंडांच्या निकालाला शंभर वर्षं आणि दोन दिवस. इथं कॅलिफोर्नियातही विधेयक आलं होतं, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, गव्हर्नरांनी सही केली नाही. आपल्याच लोकांनी विरोध केला. म्हणाले, इथं जात कुठाय?"

आतून कुणीतरी हाक मारली, दहा मिनिटं राहिली. त्यानं शेवटचा ढोल पुढ्यात ओढला आणि टिपरू मारून पाहिलं. आवाज बसका आला.

"तुम्ही 'तू' म्हणा हो मला," तो म्हणाला. "लहानच आहे मी. खरंच."

"म्हणेन. पण आज नाही."

तो किंचित हसला. मग दोरीचं टोक माझ्यापुढं धरलं. "हे धरता का? एकट्यानं पीळ नीट बसत नाही याचा."

मी दोन्ही हातांनी दोरी धरली. काथ्या ओला होता, तळव्यांना टोचत होता. पलीकडून ओढ आली तसा मी पुढं खेचला गेलो, सावरलो. टिपरू पडलं. आवाज थोडा वर आला होता, पण अजून पुरता नाही.

"अजून थोडं," ते म्हणाले, आणि मी पाय रोवला.